पीएचडीसाठी कोच लावला: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी पैशांचं सांगते, कारण विचारणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. कोचची फी महिन्याला सहा हजार रुपये. त्यात दर आठवड्याला पाऊण तासाचं ऑनलाइन सेशन आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद-दुसरा निरोप. जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपवाल्यांना महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, त्यांना हे जमून जाईल. मी फोंड्याकडे लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर, शिकवते, मे महिन्यात हातात काहीच येत नाही, त्यामुळे मला प्रत्येक हप्ता टोचलाय. आईचं म्हणणं, "गाईड असताना आणखी एकाला पैसे कशाला देतेस गो?"

प्रश्न रास्त आहे. माझा विषय वनस्पतिशास्त्राचा, खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, कोरगुट या भाताच्या जातीचा. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन गेल्यावर पेरणी होते. तो हंगाम हुकला तर नमुन्यांसाठी वर्षभर थांबायचं. फील्डवर्क मात्र वेळेत झालं होतं, आकडे लॅपटॉपमध्ये होते. अडलं होतं लिखाण. गाईडच्या कॉमेंट्स आलेली दुसऱ्या चॅप्टरची फाइल मेलमध्ये तशीच पडून होती आणि मी सकाळी पोर्शन, दुपारी पेपर तपासणी असं करत दिवस ढकलत होते. विषयातलं सगळं गाईडला कळतं, पण ही फाइल उघडताना पोटात गोळा का येतो हे त्यांना कोण सांगणार?

कोच पुण्याच्या आहेत, स्वतः पीएचडी केलेल्या, विषय वेगळा. त्यांनी ती फाइल सेशनमध्ये स्क्रीनवर उघडायला लावली आणि एकेक कॉमेंट मोठ्याने वाचायला सांगितलं. दहा मिनिटांत सुटेल त्याला हिरवा रंग, वाचन लागेल त्याला पिवळा, गाईडना विचारूनच कळेल त्याला लाल. पाऊण तास संपला तेव्हा फाइल बहुतेक हिरवी दिसत होती: संदर्भाचं वर्ष, आकृतीचा क्रमांक, "हे वाक्य तोडा". लाल जेमतेम तीन-चार, त्यातला एक म्हणजे मानशीच्या (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) आतलं आणि बाहेरचं खारेपण एकाच तक्त्यात द्यायचं की वेगळं. त्यासाठी मी गाईडना लिहिलेल्या मेलमध्ये उशिराची कारणं आणि माफी यांचेच चार परिच्छेद होते. कोचनी वाचून एवढंच विचारलं, "यात सरांनी नक्की काय करायचंय?" उरल्या तीन ओळी. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

पैसे वसूल झाले ते अशा जागी. दुसरी अशी जागा म्हणजे तारखा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कोर्सवर्क धरून कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. हे मला पाठ होतं, पण आपल्या रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून मोजून भिंतीवर लावलं ते त्यांच्या आग्रहामुळे. दर सेमिस्टरला आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, प्रेझेंटेशन असतं, त्याच्या तयारीला किती आठवडे जातात तेही त्याच कागदावर आलं.

आता न पटलेलं. सुरुवातीची दोन सेशनं आयुष्याचं चाक भरण्यात गेली: आरोग्याला दहापैकी किती, नात्यांना किती, छंदाला किती. हे प्रश्न फॉर्मवर आधीच पाठवून उरकता आले असते. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. त्यांच्या कॅलेंडरवर त्या आठवड्यात "रिझल्ट्स पूर्ण" असं लिहिलेलं! आम्ही मूळ घरी जातो, माटोळी बांधण्यापासून नेवऱ्या तळण्यापर्यंत सगळं असतं, तिथे लॅपटॉप उघडायला टेबलसुद्धा मिळत नाही. सांगितल्यावर त्यांनी सगळं मागे-पुढे केलं, हे खरं. पण गोव्यातल्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं.

एकत्र बसून लिहिण्याची त्यांची पद्धत, २५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, म्हणजे फ्रान्चेस्को चिरिलोचं पोमोडोरो. उत्तम चालते, पण त्यासाठी कोच लागत नाही. मी आणि रसायनशास्त्राची एक मैत्रीण आता शनिवारी पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसतो, फुकटात.

कोचच्या हातात काय नसतं तेही सांगायला हवं. गाईडशी खटका उडाला, लॅबमधलं यंत्र बंद पडलं, फेलोशिप अडकली, तर कोच फार तर मेल लिहायला मदत करेल. आणि कोच म्हणजे समुपदेशक नव्हे. हिवाळ्यात माझी झोप उडाली होती. दोन सेशनांत तेच ऐकल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे माझ्या कामाच्या बाहेरचं आहे, डॉक्टरांना भेटा, आणि सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. माझा त्यांच्यावर खरा विश्वास बसला तो तेव्हा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आपल्याकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. कोच म्हणवून घ्यायला मात्र कसलीच लागत नाही, उद्या मीसुद्धा पाटी लावू शकते. आयसीएफ या कोचांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं एसीसी हे पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र असेल तर कोचिंगचा निदान १०० तासांचा अनुभव आहे एवढं कळतं, त्यावरच्या पीसीसीला ५०० तास. पण प्रमाणपत्रवाल्या एका बाईंना मी आधी ट्रायल कॉलवर आरएसीबद्दल विचारलं होतं, त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. माझ्या मते आपल्याकडची पीएचडी आतून पाहिलेला माणूस प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी. आणि "सहा महिन्यांत थिसिस पूर्ण" असं कुणी म्हणालं, किंवा चॅप्टर लिहून देतो असं हळूच सुचवलं, तर तिथेच फोन ठेवावा.

फील्डवर्क चालू असणाऱ्यांनी यात पैसे घालू नयेत, त्यांना हंगामच हाकतो. नोकरी करत लिखाणाला बसलेल्यांनी तीन महिने करून पाहायला हरकत नाही, पण पूर्ण वर्षाची फी आधी भरू नये. मी पुढच्या महिन्यापासून पंधरवड्याला एक सेशन घेणार आहे, साडेतीन हजारांत. डिस्कशनचा चॅप्टर बाकी आहे. तो गाईडकडे गेला की बंद.