क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन, मोटरहोममधून आठ रात्री

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन हिंडलो. चौघं म्हणजे मी, हे, कॉलेजात शिकणारी लेक आणि ७१ वर्षांच्या आई, माझ्या सासूबाई. अशा गाडीत कुणीच याआधी एक रात्रसुद्धा काढलेली नव्हती. आल्यापासून नाशिकच्या ओळखीतली तीन घरं विचारून गेलीत, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. तिथे चार-पाच कंपन्या जवळपास सारख्याच गाड्या देतात, आणि माझं सांगणं गाडीइतकंच सहलीच्या आखणीबद्दल आहे.

आखणीपासूनच सुरुवात करते, कारण आमची पहिली आखणी साफ चुकली होती. यांनी नऊ दिवसांत पूर्ण बेट बसवलं होतं. फ्रान्झ जोसेफची हिमनदी, मिलफर्ड साउंड, सगळं. क्राइस्टचर्च ते टेकापो २३० किलोमीटर, म्हणजे नाशिक-पुण्याएवढंच की, असा हिशेब. पण नकाशावर दिसणारे तीन तास हे कारचे तास असतात. सात मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच गाडी वळणावर हळूच न्यावी लागते. मागे गाड्या साठल्या की बाजूला घेऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचं, अशी तिथली रीत आहे. त्यात एकेरी पूल. पुलाच्या तोंडाशी गोल पाटीवर लाल छोटा बाण आपल्या दिशेचा असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. तिथेही वाहन डावीकडूनच चालवतात, त्यामुळे आपल्या माणसाला रस्त्याची भीती वाटत नाही. वेळ मात्र जातो.

लेकीने हट्टाने अर्धी यादी खोडली, आणि सहल त्यामुळेच चांगली झाली. पहिली रात्र जेराल्डीन, मग टेकापोला दोन, माउंट कुकच्या परिसरात दोन, वानाकाला दोन, शेवटची क्वीन्सटाउनला, आणि गाडी तिथेच परत. सगळं मिळून सातशे किलोमीटरच्या आत. मिलफर्डला आम्ही गाडी परत केल्यावर बसने गेलो. जाऊन-येऊन बारा-तेरा तासांचा दिवस, पण यांनाही खिडकीबाहेर बघता आलं. नवख्या माणसाने दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि निदान एकाआड एक मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी तर लांब जाऊच नये. कागदपत्रं, गाडी समजून घेणं आणि किराणा यातच आमचे साडेतीन वाजले.

किराण्यावरून आठवलं. विमानतळावर खाण्याचं जे काही सोबत असेल ते अर्जावर लिहून द्या. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. आम्ही गोडा मसाला, मेतकूट, चहा, सगळं लिहून दिलं. अधिकाऱ्याने एकेक पुडी उघडून पाहिली आणि सोडली. घरचं तूप मात्र तिथेच राहिलं. आई त्या डब्याकडे वळून वळून बघत होत्या.

आता गाडी. आत दोन बर्नरची गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, सिंक, मागे सोफ्याचा पलंग होतो, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दुसरा पलंग. तिथे शिडीने चढावं लागतं, त्यामुळे आईंना खालचा देणं भाग होतं. घरात वयस्क माणूस असेल तर बुकिंग करताना पलंगांचा नकाशा आधी बघा. चौघांची गाडी म्हणजे चौघांना सारखी सोय असं नसतं. मायक्रोवेव्ह आहे हे वाचून आम्ही खूश झालो होतो, पण तो मुक्कामाच्या जागी विजेची केबल जोडली तरच चालतो. दिवे, पाण्याचा पंप आणि फोनचं चार्जिंग गाडीच्या वेगळ्या बॅटरीवर भागतं.

पहिल्याच संध्याकाळी मी वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि छतावरचा धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारच्या गाडीतलं जोडपं धावत आलं. यांनी टॉवेलने वारा घालून तो बंद केला. त्यानंतर फोडणी देताना दार सताड उघडं, छताची खिडकी वर आणि पंखा चालू, असा नियमच झाला. तेलही धुरावेपर्यंत तापवायचं नाही. सकाळी निघायच्या आधी मसूर भिजत घालून ठेवली की संध्याकाळी वीस मिनिटांत आमटी होते. गॅस वाचतो आणि वाफही कमी होते. थंडीत ती वाफ काचांवर जमून उशांवर ठिबकते, म्हणून हे महत्त्वाचं आहे.

दुसऱ्या दिवशी निघताना एका ड्रॉवरची खिटी लावायची राहिली. पहिल्याच चौकात वळताना स्टीलच्या ताटल्या, चमचे, मिठाचा डबा, सगळं खाली. तेव्हापासून लेकीने काम अंगावर घेतलं. गॅस बंद, खिट्या लावल्या, पायरी आत, केबल काढली, छताची खिडकी बंद. ती मोठ्याने म्हणायची आणि आई प्रत्येकावर "झालं" म्हणायच्या. त्याशिवाय हे किल्ली फिरवत नसत.

संडासाबद्दल लोक विचारायला लाजतात, म्हणून स्पष्टच लिहिते. आत कॅसेटचा संडास असतो. खालची टाकी बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची आणि डंप स्टेशनला रिकामी करायची. चौघांत ती दोन दिवसांत भरते. स्वयंपाकाच्या ओट्यापासून तो दोन हातांवर, हे आईंना काही केल्या पटेना. मग ठरवलं, की दिवसा मुक्कामाच्या जागेची किंवा गावातली स्वच्छतागृहं वापरायची आणि गाडीतला फक्त रात्री. आई निर्धास्त झाल्या, टाकीही कमी भरली. रिकामं करण्याचं काम हातमोजे घालून पाच मिनिटांचं आहे. यांनी केलं, मग लेकीने केलं. गाडीत बसवलेला संडास असल्याचं प्रमाणपत्र गाडीवर नसेल, तर बहुतेक सरकारी मोकळ्या जागी फुकट मुक्काम करता येत नाही. ते असलं तरी स्थानिक नियम परवानगी देतील तिथेच. आम्ही फुकटच्या मागे लागलो नाही. दर तिसऱ्या रात्री तरी वीज, गरम पाणी आणि वॉशिंग मशीन असलेला हॉलिडे पार्क घ्याच.

माउंट कुकला मात्र एक रात्र व्हाइट हॉर्स हिलच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर काढली. तिथे वीज नाही. समोर बर्फाचे कडे, आणि केआ पॉइंटची वाट तिथूनच सुरू होते. तासाभरात जाऊन-येऊन होते. आई सावकाश, काठी टेकत शेवटपर्यंत आल्या. समोर ३७२४ मीटरचं शिखर पूर्ण उघडं होतं. त्यांनी नमस्कार केला आणि बराच वेळ बोलल्या नाहीत.

त्याच रात्री हीटर बंद पडला. माझी खरी तक्रार इथे आहे. कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तास थांबल्यावर उत्तर मिळालं, सकाळी ट्वायझेल गावच्या गॅरेजला जा. सकाळपर्यंत ७१ वर्षांच्या बाईने काय करायचं, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दोन रजया आणि माझी शाल त्यांच्यावर घालून मी जागी राहिले. गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात दुरुस्त केला. भरपाई म्हणून एका दिवसाचं भाडं मिळालं, तेही तीन ईमेलनंतर. गाडी घेताना हीटर, पंप आणि फ्रिज तिथेच दहा मिनिटं चालवून बघा. आमच्या वेळी एक व्हिडिओ दाखवला आणि किल्ली हातात दिली. त्यावर समाधान मानू नका.

पैशांबाबत एक गोष्ट. तिथे डिझेलवर रस्त्याचा कर पंपावर लागत नाही, किलोमीटरप्रमाणे वेगळा लागतो. तो आम्हाला गाडी परत करताना बिलात दिसला. भाड्यात तो धरलाय का, आणि अपघात झाल्यास पहिले किती हजार डॉलर आपल्या खिशातून जातील, हे दोन प्रश्न बुकिंगच्या आधीच लेखी विचारा.

गाडीला पाचपैकी चार, हेल्पलाइनला एक. परतीच्या दिवशी डेपोवर पोचायच्या आधी दोन तास हातात ठेवा. टाक्या रिकाम्या करणं, डिझेल भरणं, झाडू मारणं यात ते जातात. आमच्या आईंनी तर स्वतःच्या फडक्याने शेगडी पुसून काढली. डेपोतली मुलगी म्हणाली, आम्ही करतो हो. पण हळदीचा डाग दुसऱ्याने काढायचा हे त्यांना मान्य नव्हतं.