समुद्रफूल बघायला दहा पट भिंग पुरतं का?

घडी घालून खिशात ठेवता येणारं, १० पट मोठं दाखवणारं ट्रिप्लेट भिंग. खडकांवरची छोटी समुद्रफुलं (सी ॲनिमोन, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) ओळखायची असतील तर सूक्ष्मदर्शकाचा विचार नंतर करा, आधी हे घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. तीन काचा एकत्र जोडलेल्या असल्यामुळे कडांना रंगीत झालर दिसत नाही. या कामात त्याला फार महत्त्व आहे, कारण इथे रंग नेमके दिसावे लागतात.

मी हे भिंग मुख्यतः डायाड्युमिनी लिनिएटा या जातीसाठी वापरते. हा प्राणी पूर्ण फुलला तरी जेमतेम २-३ सेंटीमीटर उंच होतो. हिरवट-तपकिरी अंगावर नारिंगी, पिवळ्या किंवा पांढऱ्या उभ्या रेषा असतात, पण काहींवर रेषाच नसतात. मूळचा आशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा हा जीव कालवांना आणि जहाजांच्या तळांना चिकटून जगभरच्या बंदरांत जाऊन राहिला. खाडीतलं कमी-जास्त खारं पाणी, ऊन, गारठा असं बरंच काही तो सोसतो. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ व्हेरिल यांनी १८६९मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे १८९८मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या नमुन्यांना त्यांनीच ल्युसिई हे दुसरं नाव दिलं. आज ही दोन्ही नावं एकाच जातीची मानतात. रेषा काहींवर असतात, काहींवर नसतात, म्हणून त्या पाहून लगेच निकाल देऊ नये.

अडचण अंतराची आहे. या भिंगाला वस्तू सुमारे अडीच सेंटीमीटरवर लागते आणि समुद्रफूल फुलतं पाण्याखाली. ओहोटीत ते मिटून चिकट गोळा होऊन बसतं, तेव्हा बघण्यासारखं फारसं काही नसतं. ज्या सुट्या शिंपल्यावर ते बसलंय तो शिंपलाच उचलावा, सपाट भिंतीच्या पारदर्शक डबीत समुद्राच्या पाण्यात ठेवावा आणि हात न लावता थांबावं. खडकावरून खरवडून काढू नये, तळवा (ज्याने ते चिकटून बसतं तो खालचा भाग) फाटतो. बघून झालं की शिंपला जिथून उचलला तिथेच परत ठेवावा.

मग बाजूने, भिंग डोळ्याशी धरून बघायचं. हे समुद्रफूल उभं चिरत दोन होतं. तळवा दोन दिशांना ओढला जातो आणि एकाचे दोन प्राणी होतात. अशा ताज्या जुळ्यांच्या एका बाजूच्या रेषा विस्कटलेल्या दिसतात, तो भाग नवा भरून आलेला असतो. हे वाचणं वेगळं आणि काचेतून दिसणं वेगळं! काहींच्या तोंडाभोवती इतरांहून जाड, अपारदर्शक टोकांचे संस्पर्शक (पाकळ्यांसारखे दिसणारे लवचीक हात) असतात. ते अन्नासाठी नसतात, शेजारच्या, आपल्या वंशाच्या नसलेल्या समुद्रफुलांशी लढायला असतात. प्राणी डिवचला गेला की अंगावरच्या बारीक छिद्रांतून दंशपेशींनी भरलेले पांढरे धागे बाहेर येतात, तेही १० पटीत स्पष्ट दिसतात. मुद्दाम डिवचू मात्र नका.

खुद्द दंशपेशी दिसणार नाहीत, त्यासाठी मोठा सूक्ष्मदर्शकच हवा. आणखी एक उणीव म्हणजे एका वेळी फार थोडी खोली स्पष्ट दिसते. संस्पर्शक जरा हलला की धूसर होतो, डोकं पुढेमागे करत राहावं लागतं. यावर उपाय म्हणून २० पटीचं भिंग घेऊ नका. त्याला वस्तू सव्वा सेंटीमीटरवर लागते, म्हणजे डबीची भिंत आणि पाणी यांतच सगळं अंतर संपतं.

माझ्या भिंगाच्या खोळीचा स्क्रू खाऱ्या हवेत गंजला, काचा मात्र उत्तम आहेत. घेताना खोळ आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत ना, ते बघून घ्या. वापरल्यावर गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसा, पाण्यात बुडवून ठेवू नका. आणि गळ्यात दोरी हवीच, कारण खडकांच्या फटीत पडलेलं भिंग हाती लागत नाही.