ट्यूबलेस रोड टायर: रोजच्या ट्रेनिंगला कुठला, रेसला कुठला?

रोड सायकलला ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर, घ्यायचं ठरलंय पण कॉन्टिनेंटलचा जीपी ५००० एस टीआर (रेसचा) की एएस टीआर (ऑल सीझन, म्हणजे बारमाही) यावर गाडी अडली असेल, तर माझं मत आधीच सांगून टाकतो: पुण्याच्या आसपास रोज सायकल चालवत असाल तर ट्रेनिंगला एएस, आणि एस टीआर रेससाठी राखून ठेवा.

कारण आपले रस्ते. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरचे तुकडे पडलेले असतात ना, त्यातली केसासारखी बारीक तार हा आपला खरा शत्रू, काचेपेक्षाही. मागच्या पावसाळ्यात खंबाटकी घाट चढताना मागून फुस्स आवाज आला, सीटखालच्या फ्रेमच्या नळीवर सीलंटचे, म्हणजे टायरमधल्या भोक बुजवणाऱ्या पांढऱ्या द्रवाचे शिंतोडे, मी उतरून भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवून धरलं आणि मिनिटभरात गळती थांबली. हवा थोडी कमी झाली पण तसाच घरी आलो. ट्यूब असती तर तिथेच रस्त्याकडेला बसून टायर उचकटायचे लिव्हर काढावे लागले असते.

आता फरक. एस टीआर २०२१ मध्ये आला, २८ मिमी रुंदीच्या टायरचं कंपनीने दिलेलं वजन २८० ग्रॅम, आणि तो पळतो, खरंच पळतो, पॅडल थांबवलं तरी बाईक वाहत राहते. एएस जाड आहे, जड आहे, पंक्चरला जास्त टिकतो, ओल्या रस्त्यावर भरवसा वाटतो, पण सपाटीला ग्रुपमध्ये जोर जास्त लावावा लागतो हे पायाला कळतं. ट्रेनिंगमध्ये त्याने काय बिघडतं? काहीच नाही. व्हिटोरिया कंपनीचा कोर्सा प्रो हा रेसचा टायर कॉटन केसिंगचा, म्हणजे रबराखाली सुती कापडाचा थर असलेला, चालवायला फारच मऊ, पण आपल्या खडीवर रोज घासायला माझं मन होत नाही.

रिम हुकलेस असेल, म्हणजे टायर पकडून ठेवायला आत वळलेली कड नसेल, तर ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर जायचंच नाही, आणि त्या रिमला तो टायर चालतो का हे रिम आणि टायर दोन्ही कंपन्यांच्या यादीत बघूनच घ्या. ७० किलोच्या माणसाला २८ मिमीत तेवढी हवा तशीही लागत नाही, मी ६५ पीएसआयच्या आसपास ठेवतो.

सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हच्या आतला फिरवून निघणारा भाग) काढून ३०-४० मिली भरा. डेक्कन क्लिफहँगरसारखी पुणे-गोवा ६४३ किमीची रेस असेल तर एस टीआर किमान दोन आठवडे आधी चढवा, एक-दोन लांब राइड करा, हवा किती उतरते ते बघा. खिशात प्लग (मोठं भोक बुजवायची रबरी पट्टी) आणि एक टीपीयू ट्यूब (पातळ प्लास्टिकची हलकी ट्यूब) असूच द्या, पण ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट हळू फिरवा, आधी रुतलेली तार तिथेच असते आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत पंक्चर करते.