ड्राइव्हवेवरचे गंजाचे डाग आणि माझे २०६० डॉलर

आमच्या ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर गंजासारखे नारिंगी ठिपके आहेत, शंभरेक तरी असतील. पॉवरवॉश करून झालं, व्हिनेगर टाकून झालं, जात नाहीत. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो हे काय झालं, आणि मी काहीतरी थातूरमातूर सांगून विषय बदलतो. आज खरं सांगतो, कारण मागच्या आठवड्यात इथल्या मंडळातल्या एका ताईंचा फोन आला, म्हणाल्या दारावर एक लॉनवाला आला होता, क्रॅबग्रास नावाचं तण कायमचं घालवून देतो म्हणत होता, तुम्ही पण असंच काहीतरी करून घेतलं होतंत ना? माझ्या पोटात गोळाच आला.

मी सेंट्रल जर्सीत राहतो. घर घेतलं २०२२ च्या डिसेंबरात, तेव्हा लॉन म्हणजे पिवळट काहीतरी, म्हटलं थंडीत सगळ्यांचंच असं असतं. त्याआधी सगळं आयुष्य फ्लॅट आणि अपार्टमेंटमध्ये गेलेलं, गवत म्हणजे गवत, त्यात जाती असतात वगैरे डोक्यातच नव्हतं. लाज याची जास्त वाटते की माझे वडील शेतकरी, गाव वाई तालुक्यात, लहानपणी सुट्टीत भांगलणीला मीही जायचो.

२०२३ चा मे संपत आला होता. शनिवारी सकाळी एक माणूस बेल वाजवून उभा, टीशर्टवर कंपनीचं नाव, मागे टँक लावलेला ट्रक. अगदी गोड बोलणारा. म्हणाला शेजारच्या गल्लीत काम करतोय, टँकमध्ये औषध उरलंय, तुमचं लॉन बघून राहवलं नाही. मग तो खाली बसला, एक गवताचा झुबका उपटून माझ्या हातात दिला आणि म्हणाला क्रॅबग्रास. चार पावलं पुढे गेला, दुसरा झुबका, हेही क्रॅबग्रास. ड्राइव्हवेच्या कडेचं पसरलेलं, तेही क्रॅबग्रास. मी मान डोलावतोय. आता कळतं की त्या तीन मुठींमध्ये तीन वेगळी तणं होती आणि त्यातल्या एकालाच क्रॅबग्रास म्हणतात, पण तेव्हा मला वाटलं बापरे केवढा जाणकार माणूस.

सहा फेऱ्यांचं पॅकेज ५४० डॉलर, आधी भरले तर ४८०. झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायचं अॅप) पाठवा म्हणाला, कार्डावर फी लागते. मी लगेच पाठवले. शेजाऱ्याला विचारायचं डोक्यात आलं नाही. नंतर विचारलं तेव्हा कळलं त्या गल्लीत त्याला कोणी ओळखतच नव्हतं.

त्याच दिवशी फवारलं, आणि तीन दिवसांत लॉन असं गडद हिरवं झालं की बायको म्हणाली कार्पेट टाकल्यासारखं वाटतंय. मी फोटो काढून ग्रुपवर टाकले. एक गोष्ट खटकायला हवी होती, ती म्हणजे तण पण तितकंच हिरवं झालं होतं. आणि ड्राइव्हवेवर जिथे जिथे थेंब उडाले होते तिथे हे नारिंगी डाग. विचारलं तर म्हणाला तुमच्या पाण्यात मिनरल्स आहेत.

ते लोखंड होतं हो. फेरस सल्फेट. लॉनवर मारलं की दोन-तीन दिवसांत गवत काळपट हिरवं दिसतं, आणि काँक्रीटवर पडलं की गंज चढतो. तणनाशकाचा त्यात थेंब नसणार, कारण क्रॅबग्रासवर खरंखुरं औषध, म्हणजे क्विनक्लोरॅक मारलं, तर ते पिवळं-लालसर पडून आखडतं आणि दोनेक आठवड्यांत वाळतं. मेसोट्रायोन मारलं तर तण चक्क पांढरं पडतं, खडूसारखं. आमच्याकडे ना काही पांढरं झालं ना लाल, जुलैमध्ये क्रॅबग्रास बशीएवढं पसरून बसलं होतं. फोन केला तर म्हणे यंदा पाऊस जास्त, एक एक्स्ट्रा ट्रीटमेंट लागेल, १५० डॉलर. दिले. परत हिरवं झालं, परत डाग.

मुळात मे संपताना क्रॅबग्रासचं "प्रिव्हेंटर", म्हणजे बी उगवूच न देणारं औषध, मारणं म्हणजे वरात पुढे गेल्यावर घोडं सजवणं. आमच्या भागात ते बी एप्रिलमध्येच उगवायला लागतं, जमिनीचं तापमान साधारण ५५ फॅरनहाइटला पोचलं की. प्रोडायमिन किंवा पेंडिमेथॅलिनसारखं औषध त्याच्या आधी पडायला लागतं. इथले जुने लोक फोर्सिथियाची पिवळी फुलं बघून ठरवतात, आपल्याकडे मृग लागला की पेरणीचं बघतात तसं. मला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मी तरी कुठे कोणाला विचारलं होतं.

आता मोठा फटका. सप्टेंबरात तो आला आणि म्हणाला तुमचं लॉन विरळ आहे म्हणून तण येतं (हे त्याचं एकमेव खरं वाक्य), प्रीमियम केंटकी ब्लूग्रासचं बी टाकू, सोबत त्याच दिवशी हिवाळ्यातल्या तणाचं प्री-इमर्जंट (तेच, बी उगवू न देणारं औषध) पण मारून देतो, ९५० डॉलर. बी पांढऱ्या साध्या पोत्यात, पोत्याला लेबल नाही. विचारलं तर होलसेल माल आहे म्हणाला. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळीकडे हिरवी लव, मी खूश.

डिसेंबरात बर्फ पडायच्या बेतात असताना "विंटरायझर" खत टाकून गेला. न्यू जर्सीत २०११ च्या कायद्याने घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च लॉनला खत टाकता येत नाही आणि धंदेवाल्यांना १ डिसेंबरनंतर नाही, हेही मला पुढच्या वर्षी कळलं.

२०२४ चा वसंत आला आणि लॉन इतकं भरगच्च झालं की मी त्याला पाच तारे दिले. दोन मित्रांना नंबर दिला. आणि पुढच्या वर्षाचे ४८० मार्चमध्येच भरून टाकले. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मेमध्ये आण्णा, म्हणजे माझे वडील, आले, सहा महिन्यांसाठी. आल्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन अनवाणी लॉनमध्ये फिरत होते, तिथूनच ओरडले, "आरं, ह्या गवताला पैसं देऊन पाळलंयस व्हय?" मी म्हटलं आण्णा ते क्रॅबग्रास आहे, माणूस लावलाय त्याला. ते ड्राइव्हवेच्या कडेला बसले, बोटानं माती उकरली आणि एक लांबलचक पांढरी काशी, म्हणजे जमिनीखालचा दांडा, ओढून काढली. "ह्ये कसलं क्रॅब न् फ्रॅब. ही हरळी हाय. गणपतीला वाहतो ती." मला हसू की रडू कळेना. गावाकडं नांगरट झाली की हरळीच्या काशा वेचायला बायका लावायला लागतात, एक तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते, आणि इथे मी वर्षभर ती घालवायला हिरव्या रंगाचे पैसे भरत होतो. मग नाल्याच्या बाजूला, जिथे पाणी साचतं, तिथलं पोपटी गवत उपटून दांडा बोटांमध्ये फिरवला. तीन कडा. "ह्यो लव्हाळा. ह्ये गवतच न्हवं. खाली गाठ ऱ्हातीया, नुसतं उपटून जायाचा न्हाय." लव्हाळ्याला औषधच वेगळं लागतं, सल्फेंट्राझोन किंवा हॅलोसल्फ्युरॉन, क्रॅबग्रासवाल्या बाटलीच्या भरवशावर राहून उपयोग नाही.

एका गवताने मात्र आण्णांना पण चकवलं. मधोमध फिकट पोपटी, मऊ, गोल गोल चट्टे, छान दिसायचे. जूनची उष्णता सुरू झाली आणि ते चट्टे पंधरा दिवसांत वाळून तपकिरी, बाकीचं नवीन गवतही मरायला लागलं, आणि मोकळ्या जागेत परत क्रॅबग्रास. लॉनवाल्याला फोन केला, म्हणाला पाणी कमी पडलं, तुमची चूक.

मग मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. झिपलॉक पिशव्यांत मुळासकट नमुने घालून रटगर्स विद्यापीठाच्या एक्स्टेंशनचं, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या विभागाचं, जे आमच्या काउंटीचं ऑफिस आहे तिथे घेऊन गेलो, आण्णा सोबत. तिथे मास्टर गार्डनर म्हणून स्वयंसेवक बसतात, एक सत्तरीच्या बाई होत्या, भिंग घेऊन बघितलं, एक पैसा घेतला नाही. वाळलेल्या चट्ट्यांमधले जे थोडे हिरवे तुकडे राहिले होते ते बघून म्हणाल्या हे पोआ ट्रिव्हिअॅलिस, रफ ब्लूग्रास, उन्हाळ्यात झोपतं आणि शरदात परत उठतं. बाकीचं मेलेलं ते बहुधा अॅन्युअल राय, एका वर्षाचंच. मग त्यांनी विचारलं बी टाकल्यावर किती दिवसांनी उगवलं होतं? म्हटलं पाच-सहा. त्या हसल्याच. केंटकी ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात, सहा दिवसांत उगवलं ते राय होतं.

आण्णांनी मला विचारलं ह्या बाई काय म्हणतात, मी सांगितलं, आणि आण्णांनी जो प्रश्न काढला तो मला वर्षभर सुचला नव्हता. म्हणाले बी आणि बी उगवू न देणारं औषध एकाच दिवशी टाकलं म्हणतोस, मग बी उगवलं कसं? बाईंना भाषांतर करून सांगितलं, त्यांनी आण्णांशी हात मिळवला. नवीन बियाण्यासोबत चालणारं औषध असतं, मेसोट्रायोन, पण बिलावर तसलं काही नव्हतं, नुसतं "बॅरियर" लिहिलेलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे पोआ ट्रिव्हिअॅलिस घरच्या लॉनमधून निवडून मारेल असं भरवशाचं औषध नाही. वसंतात किंवा शरदात, जेव्हा ते हिरवं आणि वाढीत असतं, तेव्हा ग्लायफोसेट मारून त्या जागेतलं सगळं गवत घालवायचं आणि नवीन पेरायचं. उन्हाळ्यात झोपलेल्यावर मारलं तर औषध वाया. म्हणजे त्याने तण काढायचे पैसे घेऊन आधी नव्हतं ते तण माझ्या जमिनीत पेरलं. तेही माझ्यासमोर. मी त्याला पाण्याची बाटली नेऊन दिली होती.

इथे बियाण्याच्या पोत्यावर लेबल लागतंच, १९३९ पासून फेडरल सीड अॅक्ट आहे. कुठली जात किती टक्के, उगवण किती, चाचणी कधी झाली, तणाचं बी किती आणि "अदर क्रॉप" किती. लोक तणाच्या बियांचा आकडा बघतात आणि खूश होतात, पण नको असलेली गवतं या "अदर क्रॉप" मध्ये लपतात, तो आकडा शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ पाहिजे. सावलीसाठी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त मिक्समध्ये तर रफ ब्लूग्रास उघड उघड छापलेलं असतं, वाचणारा पाहिजे. आमच्या पोत्यावर वाचायलाच काही नव्हतं.

त्याला मेसेज करून तीन गोष्टी मागितल्या, कुठलं औषध मारलं त्याचं नाव आणि ईपीए (इथलं पर्यावरण खातं) रजिस्ट्रेशन नंबर, बियाण्याचं लेबल, आणि त्याचा पेस्टिसाइड अॅप्लिकेटर लायसन्स नंबर, जो पैसे घेऊन फवारणाऱ्याकडे राज्याचा असावाच लागतो. पहिल्याला "आमचं सिक्रेट मिक्स आहे" असं उत्तर आलं, बाकी दोनाला काहीच नाही. आठवड्यात फोन बंद. बिलावरच्या पत्त्यावर गेलो तर ते पोस्टबॉक्स भाड्याने देणारं दुकान. झेलने पाठवलेले पैसे आपणच पाठवलेले असतात, त्यामुळे बँकेने हात वर केले. स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा इथे ५००० डॉलर आहे, माझा दावा आरामात बसला असता, पण समन्स पोचवायला खरा पत्ता लागतो. राज्याकडे तक्रार केली आहे, पैसे आलेले नाहीत. ज्या दोन मित्रांना नंबर दिला होता त्यातल्या एकाचे ४८० गेले, तो काही बोलला नाही, पण तेव्हापासून त्याच्याकडे जेवायला जाताना मला जड जातं.

लॉनचं म्हणाल तर पोआ ट्रिव्हिअॅलिसचे चट्टे आण्णा परत जायच्या आधी, सप्टेंबरात ते पुन्हा हिरवे झाल्यावर मारले आणि लेबल वाचून आणलेलं टॉल फेस्क्यू गवताचं बी आम्ही दोघांनी हाताने पेरलं. आता साडेतीन इंचाच्या खाली कापत नाही, सावली पडली की क्रॅबग्रासचं बी कमी उगवतं. हरळीवर या जुलैत ग्लायफोसेटची पहिली फेरी झाली, ऑगस्टमध्ये दुसरी. आण्णांनी जाताना चार काशा एका कुंडीत लावून डेकवर ठेवल्यात, गणपतीला लागतील म्हणून. ती कुंडी जमिनीवर ठेवायची नाही अशी सक्त ताकीद आहे.

तर त्या ताई. त्यांनी सही करून ३०० डॉलरचा चेक दिलेला होता, आदल्याच दिवशी. दारावर येऊन २५ डॉलरच्या वरचं काही विकलं तर कामकाजाचे तीन दिवस सौदा रद्द करता येतो, फेडरल नियम आहे, आणि रद्द करायचा फॉर्म विकणाऱ्यानेच द्यायचा असतो. अर्थातच दिला नव्हता. मला २०२३ मध्ये पण दिला नव्हता. ताईंनी त्याच दुपारी लेखी पत्र सर्टिफाइड मेलने पाठवलं आणि बँकेत जाऊन चेक थांबवला. बँकेची फी गेली, चेक वाचला.

संध्याकाळी परत फोन, मग आता माझ्या क्रॅबग्रासचं काय करू? म्हटलं आधी दांड्याचा जवळून फोटो पाठवा. फोटो आला, तीन कडा.

लव्हाळा होता.