मॉम, ग्रीन की ऑर्वेल? हेरगिरीचं वाचायचं तर आधी कोणाला हात घालायचा

हेरगिरीवर काय वाचू असं कुणी विचारलं की लोक डोळे झाकून जेम्स बॉन्डवाला इयान फ्लेमिंग सांगतात. आता फ्लेमिंग युद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर खात्यात होता हे खरंय, खात्याचा प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे याचा सहाय्यक, पण बॉन्ड म्हणजे त्याची हौस. टाइमपासला मस्त. हे काम खरं कसं चालायचं ते बघायचं असेल तर मात्र बाकीच्या तिघांतून निवडा.

माझं मत आधीच सांगतो, सॉमरसेट मॉमचं ‘ॲशेंडेन’ (1928), म्हणजे ॲशेंडेन नावाच्या हेराच्या गोष्टी, मॉमच्या स्वतःच्या अनुभवावर बेतलेल्या. पहिल्या महायुद्धात मॉम जिनिव्हात नाटक लिहायला आलोय असं दाखवून राहिला आणि ब्रिटिशांसाठी हेरगिरीला लागला, आणि त्याला भरती करणारा वॉलिंगर हा मुळात मुंबई इलाख्यातला पोलीस अधिकारी, युरोपातल्या हिंदी क्रांतिकारकांवर पाळत ठेवणारं लंडनचं ऑफिस चालवायचा! हे ऑफिस 1909 सालचं, म्हणजे धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या ते वर्ष, सावरकर तेव्हा लंडनमध्येच. म्हणून पुस्तकातली चंद्रलाल या हिंदी क्रांतिकारकाची गोष्ट आपल्याला जरा वेगळीच लागते. तो बेतलाय वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायवर, सरोजिनी नायडूंचा भाऊ, आणि त्याला पकडायला ब्रिटिश लोक त्याच्या प्रेयसीलाच आमिष म्हणून वापरतात, आपला हीरो त्यात सामील, वाचताना कुणाची बाजू घ्यावी तेच कळत नाही. बाकी पुस्तकात पिस्तुलबाजी फारशी नाहीच. बाजारात एक म्हातारी लोणी विकायला येते, हा लोणी घेतो, ती सुटे पैसे परत देताना चिठ्ठी हातात सरकवते, संपलं. 1917 मध्ये मॉमला पेट्रोग्राडला पाठवलं, तिथल्या हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की याला टेकू द्यायला आणि रशियाला युद्धात टिकवायला, आणि थोड्याच दिवसांत बोल्शेविकांनी सत्ताच घेतली, म्हणजे सगळंच मुसळ केरात. सुट्या सुट्या गोष्टी असल्याने लोकलमध्येही वाचून होतं.

ग्रॅहम ग्रीन घ्यायचा तो हसायचं असेल तर. तोही ब्रिटिश गुप्तचर खात्यात, 1942 मध्ये पश्चिम आफ्रिकेत फ्रीटाउनला पोस्टिंग, मग लंडनला पोर्तुगालचं डेस्क, आणि तिथे बॉस कोण तर किम फिल्बी, जो स्वतःच रशियाचा माणूस निघाला. लिस्बनमधून खोटे रिपोर्ट पाठवून जर्मनांकडून पैसे उकळणारे लोक ग्रीनला इथेच कळले. त्यातला सगळ्यात भारी ‘गार्बो’ या टोपणनावाचा, पुढे ब्रिटिशांसाठी काम करणारा दुहेरी हेर, इंग्लंड न बघताच तिथून रिपोर्ट लिहितोय असं भासवायचा आणि एकदा ठोकून दिलं की ग्लासगोचे लोक लिटरभर वाइनसाठी काहीही करतील. बिअर-व्हिस्की पिणारं गाव ते! तरी जर्मनांनी गिळलं, पुढे त्याला आयर्न क्रॉसही दिला आणि ब्रिटिशांनी एमबीई हा किताब. ‘अवर मॅन इन हवाना’तला (1958) व्हॅक्यूम क्लीनर विकणारा हीरो याच जातकुळीतला. मजा मॉमपेक्षा जास्त, पण हेराच्या रोजच्या दिवसाचा अंदाज तितका येत नाही.

ऑर्वेल हेर नव्हे, प्रचारवाला. 1941 ते 43 बीबीसीच्या पूर्व विभागात, हिंदुस्थानसाठी. त्याने इंग्रजीत लिहिलेली बातमीपत्रं मराठीतही जायची, आणि त्याची सहाय्यक होती वेणू चितळे, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली, जिचं नाव आपल्याकडेच किती जणांना माहितीय देव जाणे. आपण वेळ आणि सरकारी पैसा फुकट घालवतोय असं वाटून ऑर्वेलने राजीनामा दिला. ‘1984’ बहुतेकांनी वाचलेलं असतंच, तेव्हा त्याऐवजी त्याची युद्धकाळातली डायरी बघा, बीबीसीचं वातावरण मुलींची शाळा आणि वेड्यांचं इस्पितळ यांच्या मधलं आहे असं लिहितो.

थोडक्यात, एकच घेणार असाल तर ॲशेंडेन, आणि पहिली गोष्ट संथ वाटली म्हणून खाली ठेवू नका, केस नसलेल्या मेक्सिकनची गोष्ट येईपर्यंत थांबा, तिचा शेवट मी सांगणार नाही. दुसरं घेणार असाल तर ग्रीन. डायरी मात्र ज्याला रेडिओ, बातम्या, प्रचार यातच इंटरेस्ट आहे त्यानेच घ्यावी, बाकीच्यांना कंटाळा येईल.