स्लॅब दहा दिवस लांबला, तरी ताब्याची तारीख हलली नाही : ३,१८,६०० रुपयांचं सॉफ्टवेअर

बांधकामात कधी काय करायचं याचे निर्णय सुचवणाऱ्या एका ऑनलाइन सॉफ्टवेअरसाठी मी ३,१८,६०० रुपये मोजले. वर्षाची वर्गणी २,४०,०००, आमचा बीओक्यू (कामांच्या मोजमापांची आणि दरांची यादी) आणि जुनी बिलं त्यात चढवून देण्याचे ३०,०००, आणि दोन्हीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४८,६००. इतकी वर्षं ठेकेदारी करून हे लिहायची लाज वाटते. पण ते विकणारी मंडळी आजही कुणाच्या तरी साइट ऑफिसात लॅपटॉप उघडून बसली असतील, म्हणून लिहितोय.

ही माणसं कशी येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्या बिल्डरांचे लोगो, महारेराची तिमाही माहिती आपोआप भरली जाईल असं आश्वासन, आणि हा दर मार्चअखेरपर्यंतच. वर्षाचे पैसे एकदम कुणालाही देऊ नका. महिन्याच्या महिन्याला देतो म्हणा, आणि नाही म्हटलं तर विषय संपवा.

खरी गोष्ट डेमोच्या वेळीच दिसली होती. आमच्याच चार मजली कामाचा बार चार्ट, म्हणजे प्रत्येक कामाच्या तारखांची पट्टी, पडद्यावर होता. मी म्हणालो, सळई उशिरा आली असं धरा आणि दुसरा स्लॅब दहा दिवस पुढे न्या. विकणाऱ्याने पट्टी ओढली. पट्टी लाल झाली, ‘विलंबाचा धोका’ अशी पाटी आली. ताब्याची तारीख मात्र होती तिथेच. अहो, दुसरा स्लॅब लांबला की तिसरा लांबतो, चौथा लांबतो, मागून प्लास्टर लांबतं. क्रिटिकल पाथवरचं, म्हणजे ज्या साखळीवर शेवटची तारीख ठरते तिच्यातलं, काम हललं आणि शेवट हलला नाही, असं होऊच शकत नाही. १९५० च्या दशकापासून सीपीएम (क्रिटिकल पाथ मेथड) याच हिशेबावर चाललंय, साध्या एक्सेलमध्येही ते जमतं. मी विचारलंसुद्धा! "सर, हा डेमो आहे. लाइव्ह डेटा जोडला की होईल." ते वाक्य अजून डोक्यात ठणकतं. बेरजेला कसला आलाय लाइव्ह डेटा? पण माझा साइट इंजिनिअर शेजारी होता, आर्किटेक्टच्या ऑफिसातला मुलगा होता, त्यांनाही काही वावगं वाटलं नाही. खाली तयार काँक्रीटची (आरएमसी) गाडी उभी, मुकादम हाका मारतोय. माझ्या जागी कुणीही असता तरी हेच झालं असतं.

एप्रिल २०२२ मध्ये सॉफ्टवेअरने सल्ला दिला : सळई आत्ताच घ्या, दर चढणार, खात्री ९४ टक्के. बाजार तेव्हा खरंच चढा होता. मी ७१ रुपये किलोने १४ टन उचलली. २२ मेपासून केंद्राने पोलादावर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं, दर घसरले, आणि जूनमध्ये तीच सळई ६० ला मिळत होती. १,५४,००० रुपयांचा फटका. सरकार काय करणार हे कुणालाच कळत नाही, त्यासाठी मी भांडत नाही. माझं भांडण त्या ९४ शी आहे. नंतर बघतो तर सिमेंटला ९४, खडीला ९४, मजुरांच्या टंचाईलाही ९४. आकडा कशावरून काढला हे जे सॉफ्टवेअर दाखवत नाही, त्यातला आकडा कुणीतरी बसून टाइप केलेला असतो.

जूनमध्येच लॉगिन बंद पडलं, फोन लागेना. सीएने तेव्हा कुठे सांगितलं की त्यांचं बिल आमच्या २बी मध्ये (खरेदीवरचा जीएसटी दाखवणाऱ्या विवरणात) आलेलंच नाही, म्हणजे आमच्या करातून वजा होणारं ४८,६०० चं क्रेडिटही बुडालं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी आधीच रद्द. हा नंबर पैसे देण्याआधी टाका. छापील बिल, सही, शिक्का, सगळं व्यवस्थित होतं. त्यावर कोण शंका घेतं?

पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही स्वतः पैसे दिलेत, सॉफ्टवेअर मिळालंय, हा दिवाणी मामला, वकील बघा. रद्द नंबरावर जीएसटी वसूल केला ही फसवणूक नाही तर काय आहे? तर म्हणे, ते जीएसटीवाल्यांना सांगा. जीएसटीवाले म्हणाले, विक्रेत्याकडून वसूल करा. तो विक्रेता सापडत असता तर मी त्यांच्या दारात कशाला गेलो असतो! ग्राहक तक्रारीला गेलो तर २०१९ च्या कायद्यातलं बोट दाखवलं : व्यापारी कारणासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलं असेल तर सूट आहे, हे त्याच कलमात लिहिलेलं मीच वाचून दाखवलं. त्यावर उत्तर एवढंच, की तुमच्याकडे माणसं कामाला आहेत. म्हणजे पोलिसांना मी गिऱ्हाईक आणि यांना मी व्यापारी! माझा अर्ज मात्र कुणीच घ्यायचा नाही. तुमचं असं काही झालं तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तरच ते गोठवता येतात. आणि पोलिसांकडून अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट मला त्यांच्या वेळापत्रकाची जुनी पीडीएफ चाळताना सापडली. सगळ्या स्लॅबचे टेके (खालचे आधार) चौथ्या दिवशी काढायचे, असं त्यात लावलेलं होतं. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंटलासुद्धा साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेके किमान सात दिवस ठेवायचे असतात, त्यापुढच्या गाळ्याला चौदा. आमच्या सेंट्रिंगवाल्याने ते वेळापत्रक कधी पाहिलंच नाही, म्हणून निभावलं. नवा इंजिनिअर पडद्यावरची तारीख बघून टेके काढायला सांगेल, आणि खाली मजूर असतील. हेही मी ठाण्यात दाखवलं. कागद परत माझ्या हातात दिला.

ज्यांनी असं काही विकत घेतलंय त्यांनी आज आधी सेंट्रिंग खोलायच्या तारखा तपासा. आणि रद्द जीएसटी नंबराचं असंच बिल कुणाकडे असेल तर कळवा, मला पुन्हा अर्ज करायचाय आणि या वेळी एकट्याने नाही.