फ्युएल टेस्टर कप : दहा महिन्यांच्या वापरानंतर

टाकीतल्या इंधनाचा नमुना घेऊन त्यात पाणी आहे का ते बघायच्या माझ्या पहिल्या कपाची दांडी विमानाच्या पंखाखालच्या ड्रेनमध्ये (नमुना काढायच्या व्हॉल्व्हमध्ये) मोडली तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) लागणाऱ्या 300 नॉटिकल मैलांच्या सोलोला, म्हणजे एकटीने करायच्या उड्डाणाला, मी त्या दिवशी निघणार होते. फ्लाइट प्लॅन भरलेला, हवामान बघून झालेलं, इन्स्ट्रक्टर सरांची सही घेतलेली. प्लास्टिकची दांडी व्हॉल्व्हमध्येच अडकली, व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि निळं इंधन माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत आलं. एएमई (विमानाचे मेंटेनन्स इंजिनिअर) धावत आले, खाली बादली लावली, पकडीने तुकडा ओढून काढला. मग व्हॉल्व्ह तपासणं, कागदपत्रं, तोवर ऊन चढलं आणि सॉर्टी, म्हणजे ते उड्डाण, रद्द झाली. 340 रुपयांच्या वस्तूपायी.

कप कसा दिसतो हे सांगत बसत नाही. ज्याने एक तरी प्रीफ्लाइट (उड्डाणाआधीची तपासणी) केलंय त्याच्या हातात तो येऊन गेलेला असतो. बहुतेक जण फ्लाइंग स्कूलचाच वापरतात. मी स्वतःचा घेतला, कारण शाळेतला सकाळी कुणाच्या तरी हातात असतो आणि आपण ताटकळत उभं राहतो. फेब्रुवारीत ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसला तो मागवला. घरच्यांनी माझ्या ट्रेनिंगसाठी कर्ज काढलंय, तासाचा दर पाच आकडी आहे, तेव्हा कपावर कशाला खर्च करायचा, असा माझा हिशेब होता. तो चुकला.

सेसना 152 वर असेपर्यंत काही जाणवलं नाही. तिथे ड्रेन मोजकेच. 172 एसवर आले आणि तेरा झाले. प्रत्येक पंखाखाली पाच, पोटाखाली आणि नाकाखाली मिळून तीन. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि दर वेळी इंधन भरल्यावर हे सगळे बघायचे. म्हणजे रोज किमान तेरा वेळा ती दांडी स्प्रिंगच्या व्हॉल्व्हवर दाबली जाते. प्लास्टिकची दांडी चार महिने टिकली.

विकणाऱ्याशी जे झालं ते थोडक्यात लिहिते. फोटो पाठवले, सहा मेल केले. उत्तर आलं की परतीची मुदत दहा दिवसांची होती. मी विचारलं, पेट्रोल लागून कप धुरकट झालाय त्याचं काय? तर म्हणे, हे उत्पादन पेट्रोलसाठी शिफारस केलेलं नाही. पानावर मात्र ‘विमानाचं इंधन तपासण्यासाठी’ असं ठळक लिहिलेलं होतं. शेवटी शंभर रुपयांचं कूपन देऊ केलं. मी ते घेतलं नाही. प्रश्न 340 रुपयांचा नव्हता, हा कप हातात धरून कुणीतरी सोलोला जाणार आहे याचा होता.

खरं तर दांडी मोडली हे बरंच झालं. माझी खरी तक्रार त्या धुरकटपणाबद्दल आहे आणि ती मी इथे सविस्तर लिहिणार आहे, कारण कप विकत घेताना याकडे कुणीच बघत नाही.

अ‍ॅव्हगॅस 100 एलएल, म्हणजे आमच्या विमानांचं पेट्रोल, निळं असतं. पाणी त्याच्यापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि कपात दोघांच्या मध्ये एक रेघ दिसते. आपण ती रेघ शोधतो. कप धुरकट झाला की बारीक थेंब दिसत नाहीत. दोन महिन्यांतच माझ्या कपाचा तळ दुधाळ झाला होता आणि मी तरीही तोच वापरत राहिले, याचं आज मला वाईट वाटतं.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. टाकीच्या तळाशी पाणी भरपूर असेल तर कप पूर्ण पाण्यानेच भरतो. मग रेघच नसते! सगळं स्वच्छ, एकसारखं. आणि आपल्याला सवय काय असते? कप वर धरून आकाशाकडे बघायची. निळ्या आकाशासमोर साधं पाणीही निळं दिसतं. सरांनी एकदा मला मुद्दाम पाण्याने भरलेला कप हातात दिला आणि विचारलं, “कसं आहे?” मी म्हणाले, “क्लिअर आहे, सर.” त्यांनी माझा हात धरून कप पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर नेला. निळेपणा गेला. मग म्हणाले, “आता वास घे.” कसलाच वास नव्हता.

तेव्हापासून पांढरं काहीतरी मागे धरल्याशिवाय मी बघत नाही. पंख, नाहीतर चेकलिस्टची मागची कोरी बाजू. निळा रंग दिसतोय का, वास येतोय का, रेघ आहे का, तळाशी कचरा आहे का, याच क्रमाने. चुकून जेट फ्युएल मिसळलं गेलं असेल तर निळा रंग फिका पडतो. शंका आली तर दोन थेंब कागदावर टाकायचे. अ‍ॅव्हगॅस उडून जातं, जेट फ्युएलचा तेलकट डाग राहतो.

सुट्टीत घरी आबांना हे सांगितलं. आमच्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन आहे. आबा म्हणाले, “पोरी, आपल्या फिल्टरची काचेची वाटी मी पावसाआधी काढून पुसतो ती कशासाठी? पाणी दिसलं पाहिजे म्हणून. काच आंधळी झाली तर वाटी बदलायची.” मग त्यांनीच नव्या कपाचे पैसे दिले. 1,450 रुपये. धातूची दांडी, जाड पारदर्शक प्लास्टिक, दुसऱ्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर. माझ्या मते हा महाग होता. सुरुवातीचे काही आठवडे मी बॅचमेट्सना हेच सांगत होते की दांडी सोडली तर फार फरक नाही.

जुलैत मत बदललं.

तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. विमान बाहेर उभं. चौथ्या दिवशी उघडलं, सगळ्यांना उडायची घाई. डाव्या पंखाचे पाचही नमुने निळे, चोख. उजव्या पंखाच्या दुसऱ्या ड्रेनला कपाच्या तळाशी चिंचोक्याएवढं काहीतरी हललं. कप तिरका केला की ते सरकायचं, सरळ केला की परत गोळा व्हायचं. धुरकट कपात ते मला दिसलं नसतं, हे मी खात्रीने सांगते. परत घेतलं, परत आलं. तिसऱ्यांदा कमी आलं. बॅचमेट म्हणाला, “झालं, आता निघालं सगळं.” मी सरांना बोलावलं. त्यांनी दोघांना पंख हलके झुलवायला सांगितलं, शेपूट जमिनीपर्यंत खाली दाबायला लावली, थोडं थांबायला लावलं आणि म्हणाले, “आता पुन्हा पहिल्यापासून तेरा.” पुन्हा पाणी आलं. स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहिला. एएमईंनी टाकीचं झाकण उघडून दाखवलं, आतलं रबरी सील कडक होऊन चिरलं होतं. पाऊस पंखावर साचायचा आणि तिथून झिरपायचा.

त्या दिवशी कुणीच उडालं नाही आणि मला पहिल्यांदाच रद्द झालेल्या सॉर्टीचं दुःख झालं नाही. कारण हे पाणी रनअपमध्ये (टेकऑफआधीच्या इंजिनाच्या चाचणीत) बहुतेक कळलंच नसतं. नळ्यांमध्ये आधीचं चांगलं इंधन असतं, त्यावर इंजिन सुरू होतं, टॅक्सी होते, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे भाग) तपासून होतात. टेकऑफला नाक वर होतं, टाकीतलं सगळं हलतं आणि पाणी पुढे जातं ते नेमकं पायाखाली तीन-चारशे फूट असताना.

त्यानंतर सरांनी आमच्याकडून इंजिन फेल्युअर आफ्टर टेकऑफ (टेकऑफनंतर इंजिन बंद पडल्याचा सराव) इतक्या वेळा करून घेतलं की आता हात आपोआप जातो. नाक लगेच खाली. फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) वर असतील तर 70 नॉट, खाली असतील तर 65. समोर जे मिळेल तिथे उतरायचं, दिशा अगदी थोडी बदलायची. धावपट्टी मागे दिसत असते आणि तिकडे वळायचा मोह प्रचंड असतो. पण 172 एसचा फ्लॅप वर असतानाचा स्टॉल, म्हणजे पंखांची उचल कोलमडते तो वेग, 48 नॉट असतो, तो 60 अंशांच्या बँकला (वळताना विमान तितकं कललं की) उंची राखायला गेलात तर 68 वर जातो. तुमच्या हातात आहेत 70. त्यात नाक ओढलं तर त्या उंचीवर स्पिनमधून (गिरक्या घेत खाली पडण्यातून) बाहेर यायला जागाच नसते. आमच्या धावपट्टीच्या टोकापलीकडे ऊस आहे. सर म्हणतात, “ऊस चालेल, ताब्यातल्या विमानाने उसात जा.”

आता बरणीबद्दल. जाळीच्या झाकणाची मोठी बरणी मिळते, तीत इंधन गाळून परत टाकीत टाकता येतं, पाणी आणि कचरा मागे राहतो. मला पहिल्यांदा हीच सगळ्यात आवडली होती. अ‍ॅव्हगॅस किती महाग आहे ते बिल बघून कळतं. 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्यात ते बनवायला घेतलं, त्याआधी सगळं बाहेरून यायचं. रोजचे तेरा नमुने टाकाऊ इंधनाच्या डब्यात ओतताना माझा जीव तुटायचा. पण दोन महिने वापरून मी बरणी बाजूला ठेवली. ती रुंद आहे, त्यामुळे तेराही नमुने एकात एक मिसळले जातात आणि पाणी कुठल्या ड्रेनमधून आलं ते कळत नाही. जुलैत माझ्या हातात बरणी असती तर उजवा पंख की डावा, हे पुन्हा शोधत बसावं लागलं असतं. आता कपाने एकेक बघते, चोख असेल तेवढंच बरणीत ओतते आणि गाळून परत टाकते. पाणी किंवा कचरा दिसलेला नमुना थेट डब्यात.

1,450 चा कप सहा महिन्यांनंतरही आरपार दिसतो. बाहेरून ओरखडे आहेत, तळ स्वच्छ आहे. दांडी सरळ आहे. गेल्या आठवड्यात अप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) पडला, तडा गेला नाही. एकच त्रास, क्लिप सैल झाली आहे, त्यामुळे शर्टाच्या खिशाला लावत नाही. कॉकपिटमध्ये सुटून रडर पेडलखाली गेला तर काय होईल ते मला बघायचं नाही. तो सामानाच्या चेन असलेल्या पाऊचमध्ये जातो आणि इंजिन सुरू करायच्या आधी मी पाऊचला हात लावून बघते.

घेणार असाल तर मे महिन्यात घ्या, पावसाआधी. आल्याबरोबर नळाचं पाणी भरून एकदा आकाशासमोर आणि एकदा पांढऱ्या भिंतीसमोर धरून बघा. आणि महिन्याभराने तळाकडे पुन्हा नीट पाहा, दुधाळ दिसला तर त्याच दिवशी बदला.